वास्को द गामा महिन्याभरात आफ्रिकेहून कालिकतला आला, मग परतताना तीन महिने का लागले?

वाऱ्यामुळे. एप्रिल १४९८ मध्ये आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदीहून निघताना नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याची साथ होती, शिवाय हा समुद्र जाणणारा स्थानिक वाटाड्याही. परतताना मात्र घाई नडली. परतीला लागणारे ईशान्येचे वारे नीट स्थिरावतात ते नोव्हेंबरनंतर. हा ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच गोव्याच्या दक्षिणेकडच्या अंजदीव बेटावरून निघाला. (अरब आणि गुजराती खलाशांना वाऱ्यांचं हे वेळापत्रक तोंडपाठ होतं!) कधी वारा पडलेला, कधी उलटा. त्यात स्कर्व्हीने (क जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या रोगाने) इतके खलाशी दगावले की माणसांअभावी ‘साव राफायल’ जहाज जाळून टाकावं लागलं. हे सगळं त्याच सफरीवरच्या एकाच्या रोजनिशीत आहे. फक्त तो वाटाड्या म्हणजे प्रसिद्ध अरब नाविक इब्न माजिद, ही गोष्ट बहुतेक इतिहासकार आता मानत नाहीत.