सासऱ्यांची देशी गाडी आणि ८० हजारांचा फरक

प्रश्न: देशी कंपनीची गाडी ऑन-रोड ११.४० लाखांना पडतेय, तशीच कोरियन कंपनीची १०.६० लाखांना. सासरे म्हणतात, पैसा देशातच राहू दे. काय करू?

उत्तर: आधी सासऱ्यांच्या म्हणण्याची किंमत काढू. जादाचे ८० हजार कर्जातूनच घालणार असाल, तर ९ टक्के व्याजाने ५ वर्षं दरमहा सुमारे १,६६० रुपये वाढतील, म्हणजे एकूण जवळपास १ लाख. हौस म्हणून जरूर करा, पण तिला गुंतवणूक समजू नका.

शिवाय 'देशी' कोण, हे बॉनेटवरच्या बिल्ल्यावरून कळत नाही. मारुतीत निम्म्याहून जास्त हिस्सा जपानच्या सुझुकीचा आहे. ब्रिटनची जग्वार लँड रोव्हर २००८पासून टाटांची. कोरियन ह्युंदाईच्या गाड्या चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला बनतात आणि जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखानाही आता तिच्याकडेच आहे. पगार आणि जीएसटी इथेच राहतो. बाहेर जाते ती रॉयल्टी आणि नफ्याचा मोठा वाटा.

तुमच्या खिशाला प्रश्न एकच: कंपनी गाशा तर गुंडाळणार नाही ना? जनरल मोटर्सने २०१७ अखेर इथली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं ठरवलं. सर्व्हिस पुढेही मिळत राहिली, पण जुन्या गाडीला गिऱ्हाईक बिचकू लागलं. या कंपन्या अमेरिकन होत्या म्हणून गेल्या नाहीत, धंदा परवडेना म्हणून गेल्या. तेव्हा कंपनीचा देश नको, त्या मॉडेलचा खप बघा.

मग दोन्ही सर्व्हिस सेंटरच्या स्पेअर काउंटरवर पुढचा बंपर, हेडलॅम्प, काच आणि क्लच सेट यांचे दर विचारा, आणि माल किती दिवसांत येतो तेही. झिरो डेप (भागांची घसारा-कपात न करता भरपाई देणारं विम्याचं जादा कलम) नसेल तर प्लॅस्टिकच्या भागांचा निम्मा खर्च तुमच्याच अंगावर येतो, म्हणून बंपरचा दर महत्त्वाचा. दोन्ही मॉडेलच्या ५ वर्षं जुन्या गाड्या तुमच्या शहरात कितीला जातात, तेही बघा. विम्याच्या कागदावरची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, ही विक्रीची किंमत नव्हे. देशी गाडीला कोरियन गाडीपेक्षा १ लाखाहून अधिक जादा मिळत असतील, तर सासरे हिशेबातही जिंकले.

आणि एक सांभाळा. शोरूमवाले ८ लाखांचं कर्ज ५ऐवजी ७ वर्षांचं करून देतील. हप्ता १६,६०० वरून १२,९०० वर येईल, व्याज मात्र सुमारे ८५ हजारांनी वाढेल. ज्या फरकावरून घरात वाद चाललाय, त्याहून ही रक्कम मोठी आहे.