वाचकांचे प्रश्न : एकाकी मुले आणि कमी खर्चाचे विज्ञानपट

प्रश्न : कमी खर्चाच्या विज्ञानपटांत नायक म्हणून बिथरलेली, एकटी पडलेली किशोरवयीन मुलेच वारंवार का दिसतात? यामागे केवळ पैशांची चणचण आहे का? — एक वाचक, सांगली

उत्तर : पैशांचा भाग आहेच, पण तो निम्माच. रिचर्ड केली यांचा २००१ सालचा ‘डॉनी डार्को’ सुमारे ४५ लाख डॉलरमध्ये, अवघ्या २८ दिवसांत चित्रित झाला. पहाटे गोल्फच्या मैदानावर जाग आलेल्या डॉनीला आपल्या हातावर शाईने लिहिलेले आकडे दिसतात : २८ दिवस, ६ तास, ४२ मिनिटे, १२ सेकंद. जगाच्या अंताची ही मुदत दाखवायला दिग्दर्शकाला एक पेन पुरले. त्याच रात्री विमानाचे इंजिन छप्पर फोडून त्याच्या खोलीत कोसळलेले असते, आणि घराबाहेर भटकल्यामुळेच तो वाचतो. जे त्याला दिसते ते मानसिक आजारामुळे की खरोखर काळाची घडी विस्कटल्यामुळे, हा प्रश्न चित्रपट शेवटपर्यंत जिवंत ठेवतो. म्हणूनच तिथे भव्य दृश्यकरामतींची उणीव मला कधी जाणवली नाही. ज्याचे म्हणणे घरात आणि शाळेत कोणी गांभीर्याने घेत नाही, अशा मुलालाच हे रहस्य एकट्याने वाहावे लागते, आणि माझ्या मते चित्रपटाची खरी ताकद याच एकटेपणात आहे.

‘क्रॉनिकल’ (२०१२) हा याच जातकुळीतला. वडिलांचा मार खाणारा अँड्र्यू सतत कॅमेरा घेऊन वावरतो आणि पुढे मनाच्या शक्तीने तो कॅमेरा हवेत तरंगवतो. आधी मात्र ‘डॉनी डार्को’च पाहावा, तोही मूळ आवृत्तीत, २००४ च्या वाढीव आवृत्तीत फार समजावून सांगितले आहे.