दार लागेना, मशीन चालेना : डिशवॉशरविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या डिशवॉशरचं दार लागत नाही. जोर लावून ढकललं तरी आपटून परत पुढे येतं, ‘टक्’ असा आवाज होतच नाही. खटका बदलावा लागेल का?

उत्तर : खटका मागवायची घाई करू नका. आधी दार खटक्यापर्यंत पोचतंय का, ते पाहा. दोन्ही जाळ्या आणि चमच्यांची टोपली पूर्ण बाहेर काढा आणि रिकाम्या मशीनचं दार लावा. लागलं, तर खटका ठणठणीत आहे आणि अडथळा जाळीचा किंवा भांड्यांचा आहे. खालची जाळी पुढचं मागे करून बसवली गेली की ती पूर्ण आत जात नाही, आणि दार बोटभर आधीच थांबतं. वरच्या जाळीची उंची बदलता येत असेल, तर एक बाजू वरच्या खाचेत आणि दुसरी खालच्या खाचेत अडकलेली नाही ना, तेही बघा. जाळीचं चाक रुळावरून उतरलेलं असणं, पॅनचा दांडा पुढे आलेला असणं किंवा मोठ्या ताटाची कड साबणाच्या कप्प्याला टेकणं, हीसुद्धा नेहमीची कारणं.

रिकामं असूनही दार लागत नसेल, तर मशीनचा प्लग काढा आणि खटका नीट न्याहाळा. बहुतेक मॉडेलमध्ये दाराच्या वरच्या कडेला मधोमध एक चीर असते, आणि तिच्या आत आकड्यासारखा छोटा भाग असतो. समोर टबच्या चौकटीवर धातूची कडी असते. (काही मॉडेलमध्ये ही रचना उलटी असते.) दार लावताना कडी चिरेत शिरते, आकड्याला ढकलते आणि आकडा फिरून तिला धरून ठेवतो. दार उघडं असतानाच काहीतरी लागून हा आकडा फिरला, तर तो ‘बंद’ स्थितीत अडकून बसतो. मग कडीला शिरायला जागाच उरत नाही आणि दार आपटून परत येतं. तुम्ही सांगता ते लक्षण नेमकं हेच आहे. दाराला ओढायचं हँडल असेल तर ते ओढून धरा, आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने आकडा हलकेच मोकळ्या बाजूला सरकवा. स्प्रिंग शाबूत असेल तर तो टक्कन जागेवर जातो. प्लग काढायला सांगितलं ते यासाठी, की आकडा ‘बंद’ स्थितीत असताना यंत्राच्या दृष्टीने दार लागलेलंच असतं.

आकडा फिरतो पण अडखळत परततो, असं असेल तर आत साबणाची पूड आणि क्षार साठलेले असतात. जुना टूथब्रश कोमट पाण्यात बुडवून, झटकून, चीर दोन-तीनदा घासा. तेल मात्र सोडू नका. तेलावर पूड चिकटून पुन्हा लगदा होतो, आणि खनिज तेल दाराच्या रबराला लागलं तर रबर फुगतं.

एवढ्यानेही भागलं नाही, तर कडीच्या टोकाला रंगीत खडू घासा, दार सावकाश टेकवा आणि उघडा. खडूची खूण चिरेच्या डाव्या-उजव्या कडेवर उमटली, तर दोन्ही भाग समोरासमोर येत नाहीत. बऱ्याच मॉडेलमध्ये कडीच्या स्क्रूंची भोकं लांबट असतात. तिथे स्क्रू अर्धा फेरा सैल करून कडी १-२ मिलिमीटर सरकवता येते. पण त्याआधी मशीन सरळ उभं आहे का, ते तपासा. दार टेकवून वरच्या दोन्ही कोपऱ्यांतली फट बघा. एकीकडे जास्त, एकीकडे कमी असेल तर चौकट पिळली गेली आहे. पाणसळ ठेवून पाय वरखाली करा. ओट्याखाली बसवलेल्या मशीनमध्ये वरचे स्क्रू फार आवळले की टबची चौकट वर ओढली जाते. ते किंचित सैल केल्यावर अनेकदा दार बिनबोभाट लागतं. तिरकं मशीन तसंच ठेवून फक्त कडी सरकवली, तर दार लागेल, पण एका कोपऱ्यातून पाणी गळायला लागेल.

प्रश्न : दार व्यवस्थित लागतं, ‘टक्’ही होतं, पण दार उघडं असल्याचा दिवा जात नाही.

उत्तर : मग खटक्याने आपलं काम केलं आहे, ते यंत्रापर्यंत पोचलेलं नाही. खटक्याच्या मागे एक किंवा दोन मायक्रोस्विच असतात. आकडा फिरला की त्यांची छोटी पट्टी दाबली जाते. मल्टिमीटर असेल आणि वापरायची सवय असेल तरच पुढे जा. प्लग काढा, पाण्याचा नळ बंद करा, दाराच्या आतल्या बाजूचे स्क्रू काढा. ते बऱ्याचदा ताऱ्याच्या आकाराचे आणि कमीजास्त लांबीचे असतात, म्हणून ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने मांडून ठेवा. बाहेरचा पत्रा निघाला की दार हलकं होतं आणि बाजूच्या स्प्रिंगा त्याला झटक्याने वर ओढतात, तेव्हा दुसऱ्या कोणाला तरी दार धरायला सांगा. स्विचची एक वायर सुटी करून पट्टी दाबा-सोडा. एका स्थितीत वाचन जवळजवळ ० ओहम आणि दुसरीत सर्किट तुटलेलं दिसलं पाहिजे. दोन्ही वेळा सारखंच वाचन येत असेल तर स्विच गेला. बऱ्याच मॉडेलमध्ये खटका आणि स्विच एकत्रच मिळतात. मागवताना दाराच्या कडेवरच्या पट्टीवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक द्या.

दोन वायरी जोडून स्विच टाळायची युक्ती काही जण सुचवतात. ती कधीही करू नका. दार उघडल्यावर फवारा थांबवणारा तोच भाग आहे, आणि आतलं पाणी ५० ते ७० अंश सेल्सियस असू शकतं.

प्रश्न : रबर नवीन बसवल्यापासून दार लावताना फार जोर लागतो.

उत्तर : नवं रबर ताठ असतं, थोडा जोर काही दिवस लागणारच. पण खटका बसतच नसेल तर रबर खाचेत पूर्ण गेलेलं नाही. ते काढून कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, घड्या जातात. मग टबच्या वरच्या कडेच्या मध्यापासून सुरुवात करून दोन्हीकडे अंगठ्याने दाबत खाली या. ओढून ताणू नका. ताणलेलं रबर नंतर आखडतं आणि खालच्या टोकाला फट पडते. कोपऱ्यांत ते दुमडून जाड होतं, दार तिथेच अडतं. खाच ओली करायला साधं पाणी पुरे. भांड्यांचा द्रव साबण लावलात तर पहिल्याच धुण्यात फेस बाहेर येईल.

प्रश्न : दार उघडताना धाडकन खाली पडतं आणि लावताना एका बाजूला झुकतं.

उत्तर : एका बाजूची स्प्रिंग किंवा तिची दोरी तुटली आहे. खालची पट्टी काढल्यावर ती दिसते. दोन्ही बाजूंची एकदमच बदला, आणि दोन्ही स्प्रिंगा सारख्याच क्रमांकाच्या भोकात अडकवा. ताण बरोबर असला की अर्धवट उघडलेलं दार हात सोडल्यावर जागच्या जागी थांबतं. लाकडी फळी लावलेल्या दाराचं वजन जास्त असतं, त्यामुळे फळी बदलल्यावर ताणही पुन्हा बघावा लागतो. फळीची खालची कड पायापट्टीला घासत नाही ना, तेही पाहा.

प्रश्न : धुणं संपल्यावर आपोआप उघडणारं दार आता परत लागत नाही.

उत्तर : दार ढकलणारी दांडी बाहेरच राहिली आहे. तिच्यावर दार रेटू नका, आतले दाते तुटतात. मशीनचा वीजपुरवठा सुरू ठेवून काही मिनिटं थांबा, दांडी स्वतःहून आत जाते. गेली नाही, तर मशीन बंद करून पुन्हा चालू करा. तरीही ती हलली नाही, तर दांडीची मोटर तपासायला तंत्रज्ञच बोलवा.