छोट्या विमानतळावर बिझनेस क्लासच्या प्रवाशाला लाउंज मिळतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तिकीट बिझनेस क्लासचं आहे, परतीचं विमान एका छोट्या विमानतळावरून सुटतं, तुम्ही तिथे ५ तास आधी पोहोचणार आहात, तर विमान कंपनीचं लाउंज मिळेल का?

लाउंज बहुधा मिळेल. पण ते तुमच्या कंपनीचं नसेल, आणि ५ तास बसायला मिळेल हे धरून चालू नका.

कारण साधं आहे. स्वतःचं लाउंज चालवायचं म्हणजे जागेचं भाडं, दोन पाळ्यांची माणसं, स्वयंपाकघर, साफसफाई. दिवसाला एक-दोन विमानं जिथून सुटतात तिथे हा खर्च कुठल्याच कंपनीला झेपत नाही. मग ती तिथल्या एखाद्या लाउंजशी करार करते आणि जितके प्रवासी आत जातील तितक्यांचे माणशी पैसे भरते. हे लाउंज कधी विमानतळाचं असतं, कधी ग्राउंड हँडलिंग म्हणजे चेक-इन, सामान वगैरे जमिनीवरची कामं करणाऱ्या कंपनीचं, कधी प्लाझा प्रीमियमसारख्या कंपनीचं, जी १९९८ मध्ये हाँगकाँगला सुरू झाली आणि लाउंज चालवणं हाच जिचा धंदा. त्याच खोलीत तुमच्या शेजारी तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे प्रवासी बसलेले असतात, आणि प्रायॉरिटी पास (लाउंजमध्ये जाण्यासाठीचं सदस्यत्व-कार्ड) किंवा क्रेडिट कार्डावर आलेले लोकही.

यातली एक गोष्ट मला नडली, म्हणून ती जरा सविस्तर सांगते. अशाच एका छोट्या विमानतळावरून मी बिझनेस क्लासने निघाले होते. चेक-इन झालं, बोर्डिंग पास मिळाला, इमिग्रेशन आणि सिक्युरिटी पार करून लाउंजच्या दाराशी पोहोचले. रिसेप्शनवरच्या मुलीने पास बघितला आणि विचारलं, "इन्व्हिटेशन कुठंय?" तिच्यासमोर काचेखाली एक कागद होता, कंपन्यांची नावं आणि पुढे कोणाकडून काय घ्यायचं ते लिहिलेलं. माझ्या कंपनीपुढे स्पष्ट लिहिलं होतं: कार्ड आवश्यक. हे इन्व्हिटेशनचं कार्ड मला चेक-इन काउंटरवर द्यायला हवं होतं, दिलं नव्हतं, आणि इमिग्रेशन ओलांडून मागे जाता येत नाही. कंपनीची माणसं गेटवर आली ती विमानाच्या जेमतेम तासभर आधी. त्यांनी लगेच पुठ्ठ्याचं छोटं कार्ड काढलं, पेनाने फ्लाइट नंबर आणि तारीख लिहून दिली. पण तोवर बसायला वेळ उरला नव्हता. त्या मुलीची काही चूक नव्हती. कार्डाशिवाय आत घेतलं असतं तर त्या माणसाचे पैसे त्यांना कंपनीकडून मिळालेच नसते.

म्हणून बोर्डिंग पास हातात पडला की काउंटर सोडण्याआधी तीन गोष्टी विचारा: लाउंज कोणतं, त्यासाठी वेगळं कार्ड लागतं का, आणि ते सिक्युरिटीच्या अलीकडे आहे की पलीकडे. तिसरा प्रश्न लोक विचारत नाहीत. छोट्या विमानतळांवर लाउंज सिक्युरिटीच्या बाहेर असणं काही विशेष नाही. जपानमधल्या कितीतरी प्रादेशिक विमानतळांवर क्रेडिट कार्डवाल्यांची लाउंजं अशीच बाहेर आहेत. तसं असेल तर उठायची वेळ तुम्हालाच सांभाळायची. आत घोषणा होत नाही, बोर्डावरचं 'बोर्डिंग' बघून निघालात तर सिक्युरिटीची रांग अजून बाकीच असते.

तुमच्या ५ तासांबद्दल. कराराचं लाउंज विमानांच्या वेळेप्रमाणे उघडतं आणि मिटतं, दुपारी दोन विमानांच्या मधे कुलूपही असतं. बऱ्याच ठिकाणी सुटण्याच्या ३ तासांहून आधी आत घेत नाहीत. आणि कंपनीचा चेक-इन काउंटरच उघडलेला नसेल तर तुम्ही बॅगेसकट बाहेर बसणार. खरं सांगू? शहरातच दोन तास जास्त काढा.

तुमच्याकडे एखाद्या अलायन्सचं, म्हणजे विमान कंपन्यांच्या गटाचं, नेहमीच्या प्रवाशांना मिळणारं वरच्या दर्जाचं कार्ड असेल तर चित्र थोडं बदलतं. इथे 'छोटं' म्हणजे काय तेही बघायला हवं. पॅरिसचं शार्ल द गोल प्रचंड आहे, पण ते एअर फ्रान्सचं घर. लुफ्तान्सासाठी ते बाहेरगावचं एक ठिकाण, म्हणून तिथे टर्मिनल १ मध्ये तिच्या गटाच्या, स्टार अलायन्सच्या, नावाचं सामायिक लाउंज आहे. वनवर्ल्ड या दुसऱ्या गटाने २०२४ मध्ये स्वतःच्या नावाची लाउंजं उघडली ती सोलजवळच्या इंचॉनला आणि अ‍ॅमस्टरडॅमला. दोन्ही ठिकाणी दबदबा स्कायटीम या प्रतिस्पर्धी गटातल्या कंपन्यांचा. एकेकट्याला परवडत नाही ते सगळे मिळून चालवतात. खऱ्या छोट्या विमानतळावर मात्र कार्डापेक्षा त्या दिवशीच्या कंपनीचा तिथला करार मोठा, त्यामुळे कार्ड असलं तरी काउंटरवर विचाराच.

अपवादही आहेत, आणि ते मला मनापासून आवडतात. क्वांटासचं स्वतःचं लाउंज ऑस्ट्रेलियात टॅमवर्थला आहे, कराथा आणि पोर्ट हेडलंडलाही आहे. शेवटची दोन गावं लोहखनिजाच्या पट्ट्यातली. खाणीतले कामगार आणि इंजिनियर तिथे ठराविक आठवड्यांच्या पाळीने विमानानेच ये-जा करतात. एअर न्यूझीलंडची इनव्हरकार्गिल, नेल्सनसारख्या ठिकाणी आहेत. गाव लहान असलं तरी तीच तीच माणसं दर पंधरवड्याला उडत असतील तर कंपनीला त्यांना जपावंसं वाटतं. अशी लाउंजं छोटीशीच असतात, कॉफीचं मशीन, थोडं खाणं, धावपट्टीकडे खिडकी. तिथून गेट चाळीस पावलांवर असतं.

गर्दी झाली तर एक लक्षात ठेवा: प्रायॉरिटी पास किंवा क्रेडिट कार्डवाल्यांना "जागा नाही, थोड्या वेळाने या" असं सर्रास सांगतात, कंपनीने पाठवलेल्या प्रवाशाला शक्यतो परत पाठवत नाहीत. तेव्हा कंपनीचं इन्व्हिटेशन मिळत असेल तर तेच दाखवा, स्वतःचं कार्ड खिशात राहू द्या. कंपनीचा तिथे करारच नसेल तर ते कार्ड बाहेर काढा.