१२ किलोच्या कुत्र्याला दीड लिटर सलाईन जास्त नाही का?

जुलाबाने गळालेल्या कुत्र्याला एवढं सलाईन ऐकून दचकायला होतं, पण हिशेब बरोबर आहे. रोजची गरज किलोमागे साधारण ५० मिली, म्हणजे ६०० मिली. आकडा फुगतो तो अंगातल्या पाण्याच्या आधीच्या तुटीमुळे. मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडली की हळूहळू बसते, हिरड्या चिकट लागतात, अशा वेळी डॉक्टर तूट ८ टक्क्यांच्या आसपास धरतात. १२ किलोचे ८ टक्के म्हणजे ९६० मिली. झाले १५६०! उलट्या-जुलाब चालूच असतील तर त्यातून जाणारं पाणी वेगळं. हा सगळा अंदाजच, म्हणून तर पुन्हा पुन्हा वजन करतात. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना आधीच सांगा, आणि सलाईनचा वेग स्वतः वाढवू नका.