टँकरसाठी मुलीची एफडी मोडू का?

बेळगावजवळच्या उचगावहून एक दादा विचारतायत, शेतातल्या बोअरला गेल्या दिवाळीत दोन इंच पाणी लागलंय, आजूबाजूला घरांच्या प्लॉटचे लेआउट वाढल्यात, तर जुना ट्रॅक्टर-टँकर घेऊन उन्हाळ्यात पाणी विकावं म्हणतो, त्यासाठी मुलीच्या शिक्षणाची ३ लाखांची एफडी मोडायची आणि वर ३ लाख कर्ज काढायचं.

दादा, एफडीला हात लावू नका. यंदा तर नकोच.

दिवाळीला लागलेलं पाणी पावसाच्या जोरावरचं असतं ओ. आपल्याकडं वर जांभा, खाली काळा पाषाण, त्यात पाणी राहतं ते झिजलेल्या थरात नि भेगांत, आणि उन्हं वाढली की ते उतरायला लागतं, नेमकं तेव्हाच तुमचं गिऱ्हाईक सुरू होणार. अजून खोल मारलं की जास्त लागतं हे पण खरं नाही, भेग गावली तर पाणी, नाहीतर नुसता फुफाटा.

आता हप्ता बघा. १२ टक्क्यानं ३ वर्षं धरली तर महिन्याला जवळजवळ १० हजार, वर्षाचे १ लाख २० हजार, आणि धंदा चालणार फार तर ४ महिने. डिझेल, ड्रायव्हर जाऊन खेपेला २५० सुटले असं धरलं तरी नुसता हप्ता भागवायला रोज ५ हजार लिटरच्या ४ खेपा, म्हणजे रोज २० हजार लिटर, एक दिवस खाडा न करता! टायर, रिपेरी, तुमची मेहनत, एफडीचं गेलेलं व्याज यात धरलेलंच नाही.

शिवाय १० एचपीपर्यंतची फुकट वीज शेतीला आहे, पाणी विकायला नाही, हेस्कॉमकडं (आपली वीज कंपनी) वेगळं कनेक्शन घेतलं की बिल आलंच. कर्नाटकचा भूजलाचा २०११ चा कायदा पण आहे, परवानगीचं आधी विचारून घ्या. आणि उद्या त्या लेआउटला राकसकोप-हिडकल धरणांच्या पाण्याची नळलाईन पोचली तर टँकर कोण बोलावणार?

एक काम करा. एप्रिलच्या शेवटी २०० लिटरचं बॅरल पाईपखाली ठेवा, मोटार सलग ६ तास चालवा आणि दर तासाला बॅरल किती मिनिटांत भरतं ते वहीत लिहा. १२ मिनिटं लागली तर तासाला १ हजार लिटर, म्हणजे ४ खेपांना २० तास मोटार. शेवटच्या तासाचा आकडा तेवढा खरा माना. शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी त्या दिवशी किती उतरतं तेही बघा, ती माणसं तेच पाणी पितात.

एवढं करून पाणी टिकलं तर पुढच्या उन्हाळ्यात टँकर भाड्यानं लावून बघा, विकत घ्यायचं त्यानंतर बोलू.