पांढरं वेचताना काळं दिसलं नाही

"डॉक्टर म्हणतात डोळे ठणठणीत आहेत. मग समोरचा साप मला दिसला कसा नाही, मॅडम? डोक्यात काही बिघडलंय का?"

अमळनेरकडच्या खेड्यातली बाई खुर्चीच्या कडेवर बसून विचारत होती. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.)

कापूस वेचणीचे दिवस. कमरेची ओटी अर्धी भरलेली. शेजारच्या ओळीतली बाई किंचाळली तेव्हा हिला कळलं, बोंडाला लागलेल्या हातापासून वीतभरावर साप आहे. साप गेला निघून, पण सासूबाई अहिराणीत बोलल्या, "डोया शेतस का बटनं?" डोळे आहेत की बटणं! ते काही मनातून जाईना. त्यात आठवड्यापूर्वी समोर उभी असताना दूध उतू गेलेलं. दोन्ही जोडून तिने स्वतःच निदान केलं.

मी आधी विचारून घेतलं. एकाच बाजूचं दिसत नाही, मध्येच भान हरपतं, फिट येते, असं काही? नाही. असतं तर आधी मेंदूच्या डॉक्टरांकडेच पाठवलं असतं.

मग भिंतीवरचं कालनिर्णय दाखवलं. "ह्या पानावरचे सगळे सात मोजा, बारीक अक्षरातलेसुद्धा." ती पाठमोरी होऊन बोट ठेवून मोजू लागली. मी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मोजून झाल्यावर दोन मिनिटं माझ्या तोंडाकडे बघत बोलली. "माझ्यात काय बदललं?" मी विचारलं. तिने साडी पाहिली, केस पाहिले. चष्मा तिच्या हाताशी पडला होता.

हात लांब करून अंगठ्याचं नख बघा. साधारण तेवढ्याच जागेतलं आपल्याला अगदी स्पष्ट दिसतं, बाकीचं धूसर. नजर सेकंदाला तीनेक उड्या मारते आणि पुढचं चित्र मेंदू जुळवतो. त्यातलं काय आपल्यापर्यंत पोचेल, ते लक्ष ठरवतं.

1999 साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री ह्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्हिडिओत पांढऱ्या आणि काळ्या कपड्यांतले दोन संघ चेंडू खेळतात. बघणाऱ्याने एकाच संघाचे पास मोजायचे. मध्येच गोरिलाचा वेश घातलेलं माणूस चालत येतं. जवळपास निम्म्यांना ते दिसलंच नाही! त्यातही पांढऱ्या संघावर लक्ष ठेवणाऱ्यांना काळा गोरिला जास्त चुकला, आणि मोजणी अवघड केली तेव्हा आणखी.

मी हे सांगत असताना ती एकदम म्हणाली, "म्हणजे मी कापूस बघत होते!"

तेच तर. दिवसभर नजरेला एकच काम, पांढरं शोध. मजुरी किलोवर, त्यामुळे हात थांबत नाही. मातकट, काळपट ते सगळं नजरेने आपणच बाजूला सारलेलं. 2013 मध्ये तर फुफ्फुसाच्या स्कॅनमध्ये गाठी शोधणाऱ्या 24 तज्ज्ञ रेडिओलॉजिस्टपैकी 20 जणांना तिथेच मुद्दाम घातलेलं गोरिलाचं चित्र दिसलं नव्हतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची नजर थेट त्याच्यावर पडून गेली होती. म्हणून "डोळ्यांत तेल घालून बघ" हा सल्ला मी कधी देत नाही. तेल घालून बघणाऱ्यालाच हे जास्त होतं.

मग करायचं काय? नजरेला दुसरं काम वेगळं द्यायचं. ओटी रिकामी करून नवी ओळ धरताना आधी काठीने झाडं हलवायची आणि दहा आकडे मोजेपर्यंत फक्त बुडाकडे, मातीकडे बघायचं. कापसाला हात नाही. तिचा भाऊ भुसावळला रेल्वेत. ती म्हणाली, "इंजिनातले दोघं सिग्नल मोठ्याने बोलून दाखवतात, भाऊ सांगतो. तसंच का?" तसंच. मग ठरलं, दोघी शेजारणींनी ओळ धरताना "बूड पाहिलं" असं एकमेकींना म्हणायचं.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. सासूबाई डाळीतले खडे निवडत बसल्या होत्या. हिने त्यांच्या मांडीजवळची चंची समोरूनच उचलली. डाळ संपल्यावर त्या चाचपडायला लागल्या, "मनी चंची कोठे गई?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काही नाही मॅडम. नुसती हसले."